लशीचा दर उघड व्हावा

२१ एप्रिल २०२१ रोजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशील्डचे दर जाहीर केले. केंद्र सरकार दीडशे रुपयांना घेत होतेच; राज्य सरकारांना चारशे आणि खासगी रुग्णालयांना सहाशे पडणार होते. ओरड झाली तेव्हा आठवड्याभरात राज्यांचा दर तीनशेवर आला. हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन राज्यांना आधी सहाशे, मग चारशे, आणि खासगी रुग्णालयांना बाराशे. लस तीच, कारखाना तोच. दर मात्र घेणारा कोण यावर ठरत होता.

ते दिवस कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. राज्यात इतरत्र दुसरी लाट ओसरू लागली तरी आपल्या जिल्ह्यातली रुग्णसंख्या जूनमध्येही खाली यायला तयार नव्हती. १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी लस खुली झाली, पण ती मिळवण्याचे काम केंद्राने राज्यांवर आणि खासगी रुग्णालयांवर सोडले. राज्याकडे पुरेसे डोसच नव्हते, म्हणून मेच्या मध्यावर सरकारी केंद्रांवर या वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. पुढे जूनमध्ये खासगी रुग्णालयांसाठी कमाल दर बांधला गेला, तोही कोव्हिशील्डला ७८० रुपये. शिरोळ-हातकणंगल्याच्या रानात भांगलणीला जाणाऱ्या बाईची ती तीन-चार दिवसांची मजुरी. नवरा-बायकोचे दोन-दोन डोस धरले तर ३१२० रुपये. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात हे धोरण सकृतदर्शनी मनमानी आणि अतार्किक ठरवले. त्यानंतर, २१ जूनपासून, खरेदी पुन्हा केंद्राकडे आली आणि सरकारी केंद्रावर अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस मोफत झाली. मधले सात आठवडे ऐपत असलेला आधी आणि नसलेला नंतर, असेच चालले.

वेगवेगळ्या ऐपतीच्या माणसांना वेगवेगळा दर लावण्यात मला मुळात काही गैर वाटत नाही. ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त द्यावे, हे न्यायाला धरूनच आहे. गॅव्ही ही जागतिक लस-आघाडी २००० सालापासून याच तत्त्वावर चालते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस अमेरिकेत शंभर डॉलरहून महाग होती, तेव्हा २०१३ साली गॅव्हीने गरीब देशांसाठी ती साडेचार डॉलरला मिळवली. दर वेगळा असणे हा अन्याय नव्हे. दुबळ्याला जास्त दर लागतो तेव्हा अन्याय होतो, आणि २०२१ साली जगभर नेमके तेच घडले.

दक्षिण आफ्रिकेने त्या वर्षाच्या सुरुवातीला कोव्हिशील्ड आपल्या पुण्याहून घेतली, एका डोसला सव्वापाच डॉलर देऊन. युरोपीय संघाला हीच ऑक्सफर्डची लस ॲस्ट्राझेनेकाकडून दोन डॉलरच्या आसपास पडत होती. कारण असे सांगितले गेले की, श्रीमंत देशांनी संशोधनात पैसा घातला होता, म्हणून त्यांना सवलत. पण या लशीच्या चाचण्यांत दक्षिण आफ्रिकेतले सुमारे दोन हजार स्वयंसेवक होते. लस सुरक्षित आहे की नाही हे कळण्याआधी त्यांनी ती स्वतःच्या दंडात घेतली. पैसा घालणाऱ्याची गुंतवणूक धरायची आणि देह पुढे करणाऱ्याची धरायची नाही, हा हिशेब मला मान्य नाही.

आपल्या महाराष्ट्राला हे परके नाही. एचपीव्ही लशीच्या एका मोठ्या अभ्यासात २००९ पासून देशातल्या हजारो मुलींना लस दिली गेली. त्यात बार्शी, पुणे, मुंबईच्या मुली होत्या. दुसऱ्याच एका प्रकल्पात आंध्र आणि गुजरातमध्ये काही मुलींचे मृत्यू झाले. लशीशी त्यांचा संबंध पुढे आढळला नाही, पण संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर त्रुटी निघाल्या. त्या वादळात एप्रिल २०१० मध्ये सरकारने देशभर अशा चाचण्यांतले लसीकरण थांबवले, आणि अनेक मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. एका डोसनेही जवळजवळ तेवढेच संरक्षण मिळते, असे दिसून आले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस पुरेसा मानला, त्याला जे पुरावे आधाराला होते त्यांत या मुलींचा पुरावा मोठा होता. लसीकरणाचा खर्च त्यामुळे गरीब देशांसाठी जवळजवळ अर्ध्यावर आला. ही लस मात्र आपल्याकडे वर्षानुवर्षे खासगी दवाखान्यात काही हजार रुपयांना मिळत राहिली. ज्या गावांतल्या पोरींनी हे ज्ञान जगाला दिले, तिथल्या आईने आपल्या मुलीसाठी एवढे पैसे कुठून आणायचे?

दर आधी ठरवून लस तयार करता येते, हेही आपल्याच पुण्यात सिद्ध झाले आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी येत. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितले की, पन्नास सेंटच्या वर लस गेली तर आम्हाला परवडणार नाही. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांना त्यात रस नव्हता. सीरमने ते काम घेतले, आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मेनॅफ्रिव्हॅक ही लस त्या दराच्या आत दिली गेली. पुढे तीस कोटींहून जास्त लोकांना ती मिळाली. ‘ए’ प्रकारचा मेंदूज्वर त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला. त्यामुळे लस स्वस्त देणे अशक्य असते, असे कोणी म्हणाले की मला पटत नाही.

इथे आपल्याकडेही बोट दाखवावे लागते. कॅनडासारख्या देशांनी लोकसंख्येला कित्येक पट पुरतील एवढे डोस आधीच नोंदवून ठेवले, त्याचा आपल्याला राग आला आणि तो रास्त होता. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत पेटंटचे बंधन तात्पुरते उठवण्याची मागणी केली, तीही रास्तच. पण २०२१ च्या वसंतात आपण निर्यात थांबवली आणि गरीब देशांची कोव्हॅक्स योजना अडकली, कारण तिची मोठी भिस्त पुण्यावर होती. घरात प्रेते निघत असताना लस बाहेर कशी धाडायची, हा प्रश्न एप्रिल-मेमध्ये खरा होता. कोव्हॅक्सचा पुरवठा मात्र नोव्हेंबरपर्यंत बंद राहिला. तोवर आपल्याकडे पंचविशीतल्या तरुणांनाही लस मिळत होती आणि आफ्रिकेतल्या कितीतरी परिचारिका पहिल्या डोसची वाट पाहत होत्या. एवढे महिने थांबवणे चूक होते, असे माझे मत आहे.

दुबळ्याला जास्त दर लावता येतो तो, दर झाकलेले असतात म्हणून. दक्षिण आफ्रिकेतल्या एका संस्थेने कोर्टात धाव घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रिटोरियाच्या न्यायालयाने सरकारला लशीचे करार उघड करायला लावले, तेव्हा कळले की, जॉन्सन अँड जॉन्सनने तिथे डोसला दहा डॉलर घेतले होते आणि युरोपकडून साडेआठ. आपल्या भागात उसाचा दर जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत हजारो लोकांसमोर मांडला जातो. उसाचा किमान दर (एफआरपी) किती, साखर उतारा (रिकव्हरी) किती, पहिली उचल किती, हे शेतकऱ्याच्या पोराला तोंडपाठ असते, म्हणून कारखानदाराला उत्तर द्यावे लागते. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या लशीचा दर तेवढाच उघड का नसावा?

आज राज्याचे आरोग्यमंत्री राधानगरीचे आणि वैद्यकीय शिक्षणमंत्री कागलचे आहेत. दोघेही आपल्या जिल्ह्याचे. राज्याच्या पैशाने झालेल्या प्रत्येक लस खरेदीचा दर आणि करार संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश त्यांनी काढावा. आणि कोल्हापूरकरांनी तो त्यांच्याकडे, पुढच्या साथीची वाट न बघता, मागावा.