भिंतीपलीकडचं गाणं

बसा.

खुर्ची नको. फरशीवरच बसा. पाठ भिंतीला टेकू द्या.

ही भिंत जाड नाही. उल्हासनगरातल्या जुन्या बराकीतली ही भिंत आहे. एका लांबलचक दालनाचे कधीतरी दोन झाले, दोनाचे चार झाले, तेव्हा ही मधे उभी राहिली. त्याआधी इथे चादर टांगलेली होती. नाहीतर गोणपाट.

अलीकडे आपण. पलीकडे शेजार.

श्वास घ्या. घाई नाही.

चैत्रातली दुसरी संध्याकाळ आहे. काल उतरवलेल्या गुढीची कडुलिंबाची डहाळी दारामागे सुकते आहे. तिचा कडसर वास येतो. पलीकडून तुपात पडलेल्या वेलचीचा येतो. शेजारी सिंधी आहेत, आज त्यांचा चेटीचंड, नववर्षाचा सण. ताहिरी शिजते आहे, केशरी गोड भात.

दोन्ही वास येऊ द्या. कुठला कुणाचा, हे ठरवायला बसू नका.

आता उजवा तळवा भिंतीवर ठेवा.

चुना गार लागतो. थोडा खरबरीत. बोटांना पांढरं लागतं. लागू द्या.

थांबा.

काही जाणवतं?

आवाज अजून नाही. नुसती थरथर आहे. ढोलकीची. कानाच्या आधी तळव्याला कळते.

पलीकडे कुणीतरी गाणं लावलं आहे. पूर्वी टेप असायचा, कॅसेट अडकली की पेन्सिलीने फिरवावी लागायची. आता मुठीएवढा स्पीकर असतो. डबा लहान झाला, ठोका मोठा झाला.

शब्द नीट येत नाहीत. भिंत शब्द गाळते. ठेका तेवढा अलीकडे सोडते.

तरी गाणं ओळखू येतं. ‘दमादम मस्त कलंदर’.

ओळखलंत की लगेच गुणगुणू नका. तोंड मिटलेलं राहू द्या. तळव्याने ऐका.

गाते आहे ती रुना लैला. आपल्या पिढीला हे गाणं तिचंच वाटतं. सत्तरच्या दशकात तिच्या आवाजात ते भारतभर झालं. लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या कर्ण्यावर, ऑर्केस्ट्रात, इथल्या प्रत्येक बराकीत.

पण गाणं तिचं नाही. तिच्याआधी, 1969 साली, ते नूरजहाँने ‘दिलां दे सौदे’ या पंजाबी चित्रपटात गायलं होतं. त्याच्याही आधी, 1956 च्या ‘जबरू’मध्ये, संगीतकार आशिक हुसेन यांनी त्याला चाल दिली होती. आणि त्याच्याही आधी ते सिंधमधल्या सेहवानला, लाल शाहबाज कलंदरांच्या दर्ग्यात, फकिरांच्या तोंडी होतं. कलंदर गेले 1274 साली.

मोजू नका. एवढंच बघा, की एका आवाजाच्या मागे दुसरा उभा आहे. त्याच्या मागे आणखी एक.

सेहवानला संध्याकाळी नगारे वाजतात. लोक केस मोकळे सोडून नाचतात. त्या नाचण्याला धमाल म्हणतात. आपण हा शब्द सहलीसाठी वापरतो. असू दे.

श्वास सोडा.

गाणं असं एकाकडून दुसऱ्याकडे जातं, पण उल्हासनगराला मात्र नकलेवरून किती टोमणे मिळाले. वस्तूवर ‘मेड इन यूएसए’, आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन. कर्जत लोकलमध्ये हा विनोद ऐकला नाही असा माणूस सापडणार नाही. आत्ता आठवला असेल तर हसून घ्या. मनन आहे म्हणून तोंड पाडून बसायला नको.

हसलात?

आता परत तळव्याकडे या.

ढोलकी चालू आहे.

डोळे मिटा. मनात 1947 चा, फाळणीच्या वर्षाचा समुद्र आणा. मुंबईचा धक्का. पावसाळा सरला आहे. कराचीहून आलेली बोट लागते. माणसं उतरतात. ट्रंका, पितळी भांडी, गाठोड्यात गुंडाळलेलं काहीतरी. किल्ल्यांचा जुडगा, ज्याची कुलुपं मागे राहिली.

त्याच वर्षी त्याच शहरातली एक गायिका उलट्या दिशेने निघते. ‘जुगनू’ नुकताच लागलेला आहे. नूरजहाँ मुंबई सोडते आणि पाकिस्तानात जाते.

एक वाट येते. एक वाट जाते.

दोन्हींकडे बघा. कुणाला काही विचारू नका.

उतरलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी तळावर आणली जातात. महायुद्ध संपलेलं, सैनिक गेलेले, बराकी रिकाम्या. बराकींना नावं नाहीत, नंबर आहेत. अजूनही रिक्षावाला विचारतो, कॅम्प किती? एक ते पाच.

8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी येतात, कोनशिला बसते, छावणीला नाव मिळतं. जवळून उल्हास वाहते, म्हणून उल्हासनगर.

सिंधू सोडून आलेल्यांना पुन्हा नदीचंच नाव मिळालं. हे वाक्य पटकन वाचून पुढे जाऊ नका. जिभेवर ठेवा.

सिंधू.

उल्हास.

आणि तिकडे, सोडून गेलेली नूरजहाँ बावीस वर्षांनी त्यांच्याच सिंधमधल्या कलंदराचं गाणं गाते.

रुना लैलाचंही तसंच. जन्म 1952 चा, सिल्हेटचा. वाढली, गायला लागली ती पाकिस्तानात. मग 1971 येतं, नकाशा पुन्हा फाटतो, आणि 1974 मध्ये ती बांगलादेशात परतते. थोड्याच काळात तिचा आवाज या बराकीत पोचलेला असतो.

हे गाणं ज्यांच्या गळ्यात बसलं, त्यांच्या पायांना प्रवास होता. यामागे काही योजना असेल असं मला वाटत नाही. पण तळवा भिंतीवर असताना ते जाणवतं खरं.

ठेका बघा. आता थोडा चढला आहे.

पलीकडे अम्मा आहेत. नव्वदीच्या आसपास. उठवत नाही त्यांना. पण गाण्यात झुलेलालचं नाव आलं की त्यांचा हात वर जातो. मी पाहिलं आहे. डोळे मिटलेले, हात वर, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या.

सेहवानच्या कलंदरालाही त्याच नावाने हाक मारतात. आणि पल्ला माशावर बसून येणाऱ्या, पांढऱ्या दाढीच्या जलदेवतेलाही. अम्मांना यात कोडं दिसत नाही. नदी एक, काठावरची हाक एक.

त्या हाताकडे बघत राहा.

भिंतीतून हात दिसत नाही. तरी बघा.

आता रुना लैलाचा आवाज थोडा वेळ बाजूला करा. त्याच्या खाली कान लावा. तिथे नूरजहाँ आहे का? तिच्या खाली नगारा? त्याच्याही खाली, अगदी तळाशी, काय आहे?

घाईने उत्तर देऊ नका.

श्वास आत.

श्वास बाहेर.

मला विचाराल तर तळाशी पाणी ऐकू येतं. पण ते माझं. तुमचं वेगळं असेल. अंबरनाथच्या शिवमंदिरात पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेल्यावर असाच गारवा तळव्यांना लागतो. 1060 सालचं ते मंदिर, शेजारून वालधुनी वाहते. आज तिच्याकडे बघवत नाही, नाक दाबावं लागतं. तरी पावसात एखाद्या रात्री तिचा आवाज नदीसारखा येतो.

तसं काहीतरी.

पुन्हा भिंत.

आत्तापर्यंत गार होती. आता बघा. जिथे तळवा आहे तिथे कोमट झाली आहे. तळव्याची ऊब तिने घेतली. की पलीकडूनही कुणी पाठ टेकली आहे?

सांगता येत नाही.

तसंच बसा.

गाणं संपत येतं. ढोलकी एकदा जोरात येते आणि तुटते. मागे थोडी खरखर उरते.

या खरखरीत थांबा. पुढचं गाणं लागायच्या आधीची ही जागा. इथे रुना लैला नाही, नूरजहाँ नाही, कुणीच नाही.

फक्त तळवा आणि चुना.

आणखी थोडं.

पलीकडे पातेल्याचं झाकण उघडल्याचा आवाज येतो. वेलचीचा वास एकदम दाट होतो. कुणीतरी अम्मांना विचारतं, पुन्हा लावू? अम्मा काय म्हणतात ते भिंत सांगत नाही.

भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक होते. वाटी तयार असली की ते असंच बोलावतात.

तुम्हीही दोनदा टकटक करा.

मग उठा. कालच्या गुढीच्या साखरगाठीतला एक तुकडा ताटलीत घ्या आणि दार उघडा.