पाहणीचे तीनशे रुपये

चिपळूणच्या एका ताई घरं सजवून द्यायच्या, पण घरच्यांच्याच हातांनी. जुन्या ट्रंकेची बैठक, साड्यांचे पडदे, पडून असलेल्या सागाच्या फळ्यांची मांडणी. शनिवारी त्यांच्या पडवीत वर्ग भरायचा आणि बायका-पोरं पॉलिश पेपर घेऊन लाकूड घासत बसायची. वर्गाची फी आणि रंग-ब्रशावर सुटणारे चार पैसे, यावर ताईंचं घर चालायचं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं. ओसरलं तेव्हा घराघरांतून चिखल उपसावा लागला. भुशाच्या बोर्डाची कपाटं फुगून फुटली होती. सागाची, फणसाची तगली, पण सांधे सुटलेले. ती ताईंनी लोकांना सावलीत, हळूहळू वाळवायला लावली, कारण उन्हात टाकलेली फळी पिळवटते. मात्र या सगळ्यात वर्ग बंद पडला होता आणि फीही.

त्यात १० सप्टेंबरला गणपती. कोकणात घरचा गणपती पोपडे आलेल्या भिंतीसमोर बसवायला कुणाचं मन धजणार? जो तो रंगाऱ्याच्या मागे लागलेला. अशातच भिंतीला चिकटवायच्या नक्षीदार कागदाचा एक व्यापारी ताईंच्या दारात आला.

"ताई, तुमच्या शब्दावर लोक भिंती सोपवतात. तुम्ही नुसतं सुचवा. दर घरामागे तुमचं कमिशन."

रक्कम चांगली होती. ताईंचं शिलाई मशीनही पुरात गेलेलं. "बघते," एवढंच त्या म्हणाल्या.

पहिलं बोलावणं आलं ते बाजारपेठेमागच्या एका काकूंचं. गणपतीच्या खोलीची भिंत हाताला कोरडी लागत होती. ताईंनी पारदर्शक पिशवी कापून वीतभर चौकोन केला, भिंतीवर ठेवला आणि चारही कडा चिकटपट्टीने गच्च बंद केल्या. "उद्या येते. तोवर हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी चौकोनाच्या आत, भिंतीच्या बाजूने, बारीक थेंब जमले होते. काकू चष्मा पुसून जवळ गेल्या.

"हे पाणी कुठनं आलं गो?"

"भिंतीतनं. पुराचं पाणी चिऱ्यात मुरलंय, ते अजून बाहेर पडतंय. वरून कागद लावलात की ते आतच कोंडणार. मग बुरशी धरेल. ऑइलपेंटनेही तेच होईल."

"मग गणपतीला काय करू?"

"चुना काढा. कळीचा चुना रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायचा, डिंकाचं पाणी नि चिमूटभर नीळ घालायची. पातळ दोन हात द्या. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडत राहते. मार्च-एप्रिलात पुन्हा ही पिशवी लावा. कोरडी निघाली तर हवं ते करा."

शेजारी उभा असलेला काकूंचा पुतण्या म्हणाला, "मग ताई, तुम्हाला यात काय मिळालं?"

प्रश्न रास्त होता. चुन्यात सुटणार काय? त्या रात्री ताई हिशेबाची वही घेऊन बसल्या. हातकाम शिकवणाऱ्या पुष्कळांची गाडी याच वळणावर अडते, असं मला वाटतं. कौशल्य फुकट वाटायचं आणि पोट मालावर भरायचं, मग हळूहळू माल जे म्हणेल तेच तोंडातून निघायला लागतं. ताईंनी ठरवलं, ज्याचं काम करायचं, पैसे त्याच्याकडूनच घ्यायचे. सकाळी पडवीत पाटी लागली: घराची पाहणी, तीनशे रुपये.

"नुसतं बघायचे तीनशे?" असं म्हणून काहींनी ताईंना दारातूनच परत पाठवलं आणि थेट कागद लावून घेतला. काकूंनी मात्र देवापुढच्या डब्यातून पैसे काढून दिले. वर साऱ्या आळीला पिशवीची युक्ती शिकवली. भिंतींवर चौकोन झळकू लागले, त्यासाठी ताईंना कुणी बोलावलंही नाही. ताईंनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. भिंत ज्याची त्याला वाचता यावी, हाच तर त्यांचा वर्ग होता. बोलावणी आली ती पुढच्या कामांची: सुटलेले सांधे, वाकलेली दारं, कुठल्या भिंतीला काय सोसेल.

एप्रिलमध्ये काकूंच्या पिशवीत थेंब नव्हता. काकूंना फुलांचा कागद हवाच होता. ताई म्हणाल्या, "पावसाकडच्या भिंतीला नको. आतल्या एका भिंतीला लावा, आणि कापायचा तुम्हीच. मी मापं शिकवते."

कागद घेऊन तोच व्यापारी आला. जाताना ताईंना बाजूला घेऊन म्हणाला, "तुमचं कमिशन अजून आहे हं."

"ते काकूंच्या बिलातून कमी करा," ताई म्हणाल्या. "माझे पैसे त्यांनी दिलेत."