टिल्लू पंप आणि अस्तेय

वर्ध्यात भाड्याने राहणाऱ्या माणसाला एक जादा अडचण आहे. इतर गावांत शेजाऱ्याशी तंटा झाला तर फार तर घरमालक मध्ये पडतो. इथे गांधीजी मध्ये पडतात. एकीकडे सेवाग्राम, दुसरीकडे पवनार, आणि मध्ये आमची सहा बिऱ्हाडांची इमारत. तिच्या जिन्यात घरमालकाने नियमांची पाटी लावली आहे. नियम अकरा. आमचा करारही अकरा महिन्यांचा आणि आश्रमाची व्रतंही अकरा. पाळायला तिन्ही सारखीच कठीण.

पाटीवरचा चौथा नियम : ‘नळाला मोटर लावू नये.’ समोरच्या भाऊंनी ती लावली. आमच्याकडे तिला टिल्लू पंप म्हणतात. नाव तान्ह्या पोराचं, पण ओढ अशी की नळ आला रे आला की सगळ्या इमारतीचं पाणी भाऊंच्या टाकीत! वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींच्या नळातून नुसता वारा यायचा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना त्या घागर घेऊन खाली उतरायच्या आणि चढताना दर चार पायऱ्यांवर थांबायच्या.

मी पडलो बँकेतला कारकून. दोन रुपयांची तूट निघाली तरी जेवण न जाणारा. एकदा धीर करून भाऊंना टोकलं. ते हसून म्हणाले, “काय साहेब, हे तर कायदेभंगवाल्याइचं गाव आहे जी! गांधीबाबानं नाही मोडला मिठाचा कायदा?”

मी निरुत्तर होऊन घरी आलो. उत्तर नेहमीप्रमाणे अंथरुणावर सुचलं. गांधीजींनी १९३० साली मीठ उचललं ते व्हाइसरॉयला आधी पत्राने कळवून, चारचौघांत. आणि मग तुरुंगातही गेले. भाऊ पहाटे साडेपाचला मोटरीवर गोणपाट टाकून कायदेभंग करतात. शिवाय तिथे कायदाच गरिबाच्या मिठावर बसला होता. इथे नियम मोडला की गरिबाचं पाणी जातं. हा फरक सापडल्यावर मला फार शूर वाटलं.

लगेच उठून घरमालकाला पत्र लिहायला बसलो. अर्थात निनावी. ‘आपला एक हितचिंतक’ इथवर आलो आणि हात अडला. मार्चमध्ये सौभाग्यवतींना टायफॉइड झाला होता, तेव्हा आठवडाभर रोज दोन बादल्या पाणी भाऊंनीच दाराशी आणून ठेवलं होतं. ते पाणी त्याच पंपाचं. म्हणजे चोरीच्या मालात मीही हिस्सेदार! त्यात माझा कूलर. नियम सातवा : ‘नळाचे पाणी कूलरला वापरू नये.’ मी रात्री अकरानंतर वापरतो. गांधीजी तर गरजेपेक्षा जास्त घेणं हीही चोरीच मानत. या हिशेबाने जिन्यात उभं राहून बोट दाखवायला एकट्या आजीच लायक. आणि त्यांचे दोन्ही हात घागरीला गुंतलेले.

मग जमा-खर्च मांडून पाहिला. भाऊंचे उपकार जमा आहेत खरे, पण ते माझ्या खात्यात. तूट आहे आजींच्या खात्यात. एकाची जमा दाखवून दुसऱ्याची तूट भागवली तर बँकेत त्याला अफरातफर म्हणतात. बरं, मी निर्दोष होईपर्यंत गप्प बसायचं म्हटलं, तर आजींना पाणी मिळायला माझा पुनर्जन्मच लागणार.

पत्र फाडलं. सकाळी सरळ भाऊंचं दार वाजवलं. आधी कूलरची कबुली दिली, मग पंपाचं बोललो, आजींच्या पायऱ्या सांगितल्या. भाऊ बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “मले वाटे, तुमच्याकडेबी पंप आहे. नाही तर कूलरले येवढं पाणी येते कुठून?”

पंप अजून आहे. पण नळ आल्यावर पहिला अर्धा तास तो बंद असतो, आजींचं भरून होईपर्यंत. नियमाने पाहिलं तर हेही चूकच. पण विनोबांनीसुद्धा जमिनीचा सहावाच हिस्सा मागितला होता. मी तर त्यांच्या मानाने साधा कारकून.

माझ्या कूलरला आता गल्लीच्या टोकाच्या हापशाचं पाणी लागतं. बादली घेऊन जिना चढताना मीही दर चार पायऱ्यांवर थांबतो.