घाटमाथ्यावरील वाणिज्याचा अध्यापक

वाणिज्याचा अध्यापक ज्या व्यवहारातून घडला, त्या व्यवहाराचा ठसा त्याच्या अध्यापनावर उमटल्यावाचून राहत नाही, आणि तो उमटावा हेच इष्ट होय, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत चालले आहे. द्विनोंदी हिशेबपद्धतीचे पहिले छापील विवेचन ज्याच्या ग्रंथातून १४९४ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध झाले, तो लुका पाचोली हा गणिती तरुणपणी त्याच शहरात एका व्यापाऱ्याच्या मुलांचा शिक्षक होता. पेढीवरचे हिशेब नजरेखालून गेले नसते, तर केवळ गणिताच्या बळावर त्याने ते प्रकरण लिहिले असते, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे वाणिज्याचे उच्चशिक्षण बंदराच्या शहरात रुजले. १९१३ साली मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय निघाले, तेव्हा डोळ्यांपुढे पेढ्या, विमा कंपन्या आणि आयात-निर्यातीच्या कचेऱ्या असणे स्वाभाविकच होते. पुढे १९४३ साली पुण्यास बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय स्थापन झाले, त्याचे पहिले प्राचार्य दत्तात्रेय गोपाळ कर्वे. या अर्थशास्त्रज्ञाने १९५५ साली ग्रामोद्योग व लघुउद्योग समितीचे अध्यक्षपद भूषविले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नरपदही सांभाळले. खेड्यातल्या कारागिराचा चरितार्थ हा वाणिज्याच्या माणसाने गांभीर्याने विचारात घेण्याचा विषय आहे, याची साक्ष त्यांच्या कार्यात मिळते. ही परंपरा तालुक्याच्या गावापर्यंत कितपत पोहोचली, हा मात्र माझ्या चिंतेचा विषय आहे.

इगतपुरीचेच पाहा. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे महाविद्यालय या गावी आहे, आणि तेथे वाणिज्यशाखाही आहे. घाट चढून येणारी आगगाडी आणि महामार्ग या दोहोंनी मुंबई जवळ आणली असली, तरी तालुक्याचा खरा व्यापार भाताचा. त्याची पेठ घोटीची. अशा मुलखातला विद्यार्थी ज्या घरातून येतो, त्या घरात वाणिज्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे, फक्त भाव ठरविण्याचा अधिकार त्या घराकडे नाही. त्याला कारकुनीपुरते जमा-नावेचे नियम पाठ करावयास लावणे म्हणजे त्याच्या घरच्या अनुभवाचे दप्तर न उघडताच बांधून ठेवणे होय.

म्हणून अध्यापकाने पहिला हिशेब एका क्विंटल भाताचा घ्यावा. तो गिरणीत भरडला तर तांदूळ सुमारे दोन तृतीयांश उतरतो, उरते ते तूस, कोंडा आणि कणी. तेव्हा भात तसाच विकावा की तांदूळ करून विकावा, कोंड्याची किंमत कोणाच्या पदरी पडावी, हमाली आणि तोलाई कोणत्या बाजूस लिहावी, हे सर्व फळ्यावर मांडावे. त्यानंतर त्याने शांतपणे विचारावे, की राब भाजण्यापासून चिखलातल्या आवणीपर्यंत वाकून राबणाऱ्या आईची मजुरी कोठे लिहिली आहे? ती बहुधा लिहिलेली नसते. ती खर्ची टाकताच, घरात ज्याला नफा म्हणतात तो पुष्कळदा आईला न दिलेल्या मजुरीहून निराळा काही नव्हता, असे ताळेबंद सांगू लागतो. आणि खर्च म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा त्या एका रकमेने अधिक स्पष्ट कळते.

असा प्रश्न विचारण्याचे सुचते ते ज्याने स्वतः काटा धरला आहे, उधारी वसूल केली आहे, वा जो सहकारी सोसायटीच्या कचेरीत थकबाकीदारासमोर बसला आहे, त्यालाच. बुद्धी प्रखर असूनही हा अनुभव नसलेला अध्यापक येथे अडतो, त्यात त्याचा दोष नाही. त्याला तशी संधीच कोणी दिलेली नसते. नेमणुकीच्या वेळी पदवी आणि नेट-सेटचे दाखले पाहिले जातात, ते पाहिलेच पाहिजेत. परंतु उमेदवाराने एखाद्या आडतीवर किंवा पतसंस्थेत हंगामभर किर्द लिहिली आहे काय, हेही मुलाखतीत विचारले जावे, आणि ज्याने लिहिली नसेल त्याला संस्थेने पहिल्याच वर्षी, नवा भात बाजारात येऊ लागताच, पगारी रजा देऊन घोटीच्या पेठेत पाठवावे.