अँटिबॉडी, विटाळ आणि नकाराचा हक्क

जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं दहिसर, चेंबूर आणि माटुंग्याच्या वॉर्डांतले रक्ताचे ६,९३६ नमुने तपासले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाच्या अँटिबॉडी निघाल्या, झोपडपट्टीबाहेर १६ टक्के. अर्थ लावायला कुणाला वेळ लागला नाही: दाटीवाटीच्या खोल्या, सामाईक संडास. दोष जागेवर गेला, माणसांच्या चारित्र्यावर नाही, आणि ते रास्तच होतं. हाच ५७चा आकडा कामाठीपुऱ्यात धंदा करणाऱ्या बायकांचा म्हणून छापून आला असता तर? दाटी तिथेही आहे, पण मथळ्यात धंदाच आला असता. ही नुसती शंका नाही. अमेरिकेतल्या येल आणि हार्वर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी, रेड लाइट वस्त्या बंद ठेवल्या तर भारतातली साथ किती ओसरेल याचं गणित मांडलं होतं, आणि या बायकांच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला होता.

या बायकांच्या अशा सर्वेक्षणाचा नैतिक प्रश्न चाचणीच्या स्वभावातच दडलेला आहे. कोरोनाची अँटिबॉडी चाचणी आजार शोधत नाही, तो येऊन गेल्याची खूण शोधते. त्यामुळे जिचं बोट टोचलं तिच्या औषधपाण्यात सहसा काही फरक पडत नाही. शिवाय ही खूण मुकी असते. विषाणू गिऱ्हाइकानं बाईला दिला, बाईनं गिऱ्हाइकाला दिला, की दोघांनाही तो रेशनच्या रांगेत मिळाला, हे रक्त सांगत नाही. ती रिकामी जागा आपण भरतो, आणि भरायला हाताशी असतो तो जुना विटाळ. इंग्रजांनी १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यानं हेच केलं होतं. गुप्तरोगांपासून सैनिकांना वाचवायचं म्हणून नोंदणी आणि सक्तीची तपासणी मात्र बायकांची. १८८८ मध्ये कायदा गेला. हिशोबाची ती पद्धत काही गेली नाही.

स्वतःच्या पदरात काही न पडता दुसऱ्यांसाठी अंगातलं रक्त द्यायचं, याला आपल्या परंपरेत एकच नाव आहे: दान. आणि दान तेव्हाच दान, जेव्हा ते नाकारता येतं. नाहीतर ती वसुली. नकाराचा हा हक्क जुना आहे. वसईजवळच्या अर्नाळा या कोळीवाड्याच्या गावापासून काही मैलांवर सोपाऱ्याचा स्तूप आहे. त्या स्तूपात ज्याचं स्मरण आहे त्या बुद्धानं वैशालीची गणिका आम्रपाली हिचं जेवणाचं आमंत्रण स्वीकारलं, तेव्हा लिच्छवींनी ते जेवण आम्हाला दे म्हणून तिच्यापुढे लाखाची बोली लावली. सगळी वैशाली दिली तरी देणार नाही, असं तिनं सांगितलं. बुद्धानंही नंतर आलेल्या लिच्छवींसाठी शब्द फिरवला नाही. जेवण तिचं होतं, म्हणून ‘नाही’ म्हणणंही तिचं होतं. आपल्याकडे मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी कान्होपात्रा बिदरच्या बादशहाचं बोलावणं नाकारून विठ्ठलाच्या पायाशी गेली, अशी कथा आहे. पंढरपूरच्या मंदिराच्या आवारातच तिची समाधी दाखवतात. या बायकांचं पाप काढणाऱ्यांनी वारीला जाताना तिकडेही एकदा पाहावं.

साथीत संमतीचे चोचले कसले, असं कुणी म्हणेल. कायद्याचा दाखलाही देता येईल: २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात निनावी सर्वेक्षणासाठी चाचणीची माहितीपूर्ण संमती लागत नाही. खरं आहे. पण सर्वेक्षण कशासाठी चाललं आहे हे त्या माणसांना सांगितलंच पाहिजे, अशी अटही त्याच कलमात आहे. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. मोजलंच नाही तर या बायका सरकारला दिसणारच नाहीत. २९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ओळखपत्राचा आग्रह न धरता त्यांना कोरडा शिधा द्यायला सांगितलं. महाराष्ट्रानं ऑक्टोबर ते डिसेंबर महिना पाच हजार, आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर आणखी अडीच हजार देऊ केले. हे सगळं एड्स नियंत्रणाच्या यंत्रणेकडे आधीपासून असलेल्या नोंदींच्या आधारानं. म्हणजे मोजणीनं पोट भरतं. मान्य. पण नीट पाहिलं तर शिधा मिळायला बाईची गरज कळावी लागते, तिचं रक्त नव्हे. दोन्ही एकाच कागदावर आणले की शिध्याच्या आशेनं बोट पुढे येतं, आणि त्याला संमती म्हणणं अवघड होतं.

मग निनावी नमुने घ्या, असं उत्तर येतं. गाळणकागदावर छापलेल्या गोलात रक्ताचे थेंब पाडायचे, वाळवायचे, वर नावाऐवजी फक्त कोड. मुंबईच्या गर्दीत हे निभतं. अर्नाळ्यासारख्या कोळीवाड्याच्या गावात कामाठीपुऱ्यासारखी वस्ती नाही. अशा गावात पाचच बायकांची नोंद झाली तर टक्केवारी म्हणजे जवळजवळ नावंच. जेटीवर मासळी उतरेपर्यंत गावभर झालेली असतील. तिथे आकडा तालुक्याच्या, नाहीतर जिल्ह्याच्या बेरजेत मिसळूनच बाहेर आला पाहिजे, थोडी शास्त्रीय माहिती हातची गेली तरी. १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं या बायकांना आधार कार्ड द्यायला सांगितलं, तेव्हा गुप्तता पाळायची आणि त्यांचा धंदा ओळखू येईल असा कोणताही कोड नोंदणी क्रमांकात घालायचा नाही, हेही बजावलं. रक्ताच्या कागदावरच्या कोडलाही हा नियम लावायला हवा, आणि त्यासाठी नवा कायदा करावा लागेल असंही नाही.