फुटपाथवरच्या माणसाची लायकी

एक प्रश्न सरळ मांडतो. ज्याला घर नाही त्याच्या रात्रीच्या झोपेसाठी महापालिकेनं पैसा खर्चावा, हा त्याचा हक्क की शहराचा उपकार? सोपा वाटतो. पण आपल्याच पोरांत विचारून बघा. 'दारुडे असतात साले', 'कामाचा कंटाळा', 'फुकट मिळालं की माणूस आळशी होतो'. हे मी वरच्या आळीत नाही, आपल्याच वस्तीत, आपल्याच शिकलेल्या पोरांच्या तोंडून ऐकलंय. मी सूतगिरणीत रिंगखात्यात उभा राहणारा माणूस. आठ तास पायावर काढले की पाठ टेकायला जमीन लागते, एवढं तत्त्वज्ञान मला साच्यानं शिकवलं. बाकीचं वाचून शिकलो.

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. यातलं पाणी आपण लक्षात ठेवलं, कारण २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ते महाडला ओंजळीत घेतलं. धर्मशाळा हा शब्द मात्र आपण वाचला आणि पुढं गेलो. धर्मशाळा म्हणजे काय? ज्याला रात्री कुठं जायचं नाही त्याला अंग टाकायची जागा. ती पाण्याच्याच ओळीत बसवलेली आहे.

चवदार तळ्यावर कोणी म्हणालं का, की आम्ही कष्टाळू आहोत, दारू पीत नाही, म्हणून आम्हाला पाणी द्या? नाही. तळं सार्वजनिक आहे आणि आम्ही माणसं आहोत, एवढंच म्हणणं होतं. लायकीचा दाखला जोडला नव्हता. आणि लायकी असून तरी काय होतं? १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांकडे परदेशातलं शिक्षण होतं, संस्थानची नोकरी होती, सराईचं भाडं द्यायला पैसे होते. तरी लाठ्या घेऊन आलेल्यांनी पारशी सराईतून बाहेर काढलं आणि तो दिवस कामाठीबागेत काढावा लागला. लायकी ठरवणारा दुसराच असतो, तेव्हा ती कधीच पुरी पडत नाही.

आता मुंबई बघा. सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सांगितलं की मोठ्या शहरात दर लाख लोकांमागं एक निवारा हवा, बारा महिने, चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात. म्हणजे सव्वाशे निवारे. त्याच जनगणनेनं मुंबईत सत्तावन्न हजारांवर बेघर मोजले. सव्वाशेच्या जवळपासही शहर पोचलेलं नाही. पैसा नाही म्हणाल तर महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वरचा. महाड नगरपालिकेनंही १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागद झाला होता, पाणी मिळालं नव्हतं. आपल्याला हे काय नवं नाय.

मग म्हणतात, पैसा करदात्यांचा आहे. बरोबर. पण करदाता कोण? १ जुलै २०१७ पर्यंत मुंबईत येणाऱ्या मालावर जकात होती. फुटपाथवरची बाई साबणाची वडी घ्यायची त्यात ती होती. जकात गेली, जीएसटी आला, आणि महापालिकेला भरपाई मिळू लागली. वडी तिनं आजही विकतच घेतली. फुकटी कशी?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेघरांच्या निवाऱ्याच्याच खटल्यात, भर कोर्टात, न्यायपीठाकडून प्रश्न आला की फुकट रेशन, फुकट पैसा देऊन आपण परजीवींचा वर्ग तर तयार करत नाही? १९८५ साली याच कोर्टानं ओल्गा टेलिस खटल्यात मानलं होतं की माणूस फुटपाथवर राहतो तो पोटासाठी, काम जवळ असतं म्हणून. नाक्यावरचा बिगारी, हमाल, कचरा वेचणारी बाई. यांच्या घामावर शहर उभं राहतं आणि परजीवी हेच?

पण मी इथं थांबणार नाही. कारण 'ते काम करतात म्हणून द्या' म्हटलं की आपण पुन्हा लायकीच्या सापळ्यात. जो खरंच काम करत नाही त्याचं काय? म्हातारी, डोकं फिरलेला, दारूनं संपलेला? त्यालाही द्या. पात्र-अपात्र ही ऑफिसची भाषा मला फार जुनी वाटते. जन्म बघून अपात्र ठरवणारे आपल्याला चांगले माहीत आहेत. आता काम बघून, कागद बघून ठरवतात. चाळणी बदलली, चाळणारा हात तोच.

आणि ६ डिसेंबर आठवा. आपली म्हातारीकोतारी चैत्यभूमीला येतात, शिवाजी पार्कात झोपतात. महापालिका मांडव घालते, नळ बसवते, संडास उभे करते. म्हणजे करता येतं. तेव्हाही काही लोक नाक मुरडून आपल्याला फुकटेच म्हणतात. तो शब्द आपल्याला लागतो ना? मग तोच उचलून फुटपाथवरच्या माणसावर फेकायचा नाही.

काम सांगतो. वॉर्ड ऑफिसात जा. निवाऱ्यासाठी किती पैसा ठेवला, किती खर्चला, किती परत गेला, ते माहितीच्या अधिकारात लेखी मागा. आपल्या वॉर्डात निवारा असेल तर रात्री अकराला जाऊन बघा, दार उघडं आहे का, बायकांना वेगळी जागा आहे का, संडासात पाणी आहे का. जे दिसेल ते लिहून आणा. पुढच्या अंकात छापू. आणि साहेब उपकाराच्या भाषेत बोलला, तर १९२३ चा ठराव त्याच्या टेबलावर ठेवा.