शिकाऊ हातांचे तास

बारामतीच्या विमानतळावरून घिरट्या घालणाऱ्या शिकाऊ विमानांचं आता कुणाला नवल वाटत नाही. उसाला पाणी देणारा माणूस मानही वर करत नाही. 25 जुलै 2022 रोजी मात्र त्यांतलं एक छोटं विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं आणि गाव धावलं. एकटीनं उड्डाण करणारी प्रशिक्षणार्थी तरुणी किरकोळ जखमांवर बचावली. अशा अपघाताची चौकशी करणारी सरकारी यंत्रणा असते. इंजिन, इंधन, हवामान इतकंच नव्हे, तर शिकणाऱ्यानं आधी किती तास उड्डाण केलं होतं हेही तपासलं जातं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातल्या प्रत्येक तासाची लेखी नोंद असते.

याच बारामतीत एमआयडीसीच्या परिसरात 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. तिथून डॉक्टर होणारी काही मुलं उद्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात सर्जरीला जातील, रेसिडेंट होतील. लॉगबुक त्यांनाही भरावं लागेल. पण त्यात काय असतं? किती शस्त्रक्रिया पाहिल्या, कितींना हाताखाली उभे राहिलो, किती स्वतः केल्या. टाका घालताना सुई किती वेळा सुटली, उपकरणाचं टोक नजरेआड कुठं टेकलं, याला त्यात रकाना नाही. हात बसला की नाही, हे युनिट हेडच्या मनात असतं. सरांची मर्जी आणि तेव्हा वॉर्डात कोण दाखल होतं, यावर केस मिळणं अवलंबून.

रोबोटिक शस्त्रक्रियेच्या सिम्युलेटरचं महत्त्व इथं सुरू होतं. शिकणारा कन्सोलमध्ये डोकं घालून बसतो. बोटांत दोन पकडी, पायाखाली कॅमेऱ्याचं, क्लचचं आणि ऊतक जाळून रक्त थांबवणाऱ्या करंटचं पेडल. पडद्यावर एक वेडीवाकडी तार दिसते, तिच्यावरून कडी न घासता न्यायची. सोपं वाटतं, पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही. यंत्र शेवटी गुण देतं : वेळ किती लागला, हात वायफळ किती फिरले, उपकरण किती वेळ नजरेआड होतं, कुठं जोर जास्त झाला. यंत्राला सरांचा लाडका कोण हे ठाऊक नसतं.

पोट उघडून करायच्या शस्त्रक्रियेची नक्कल करणं अवघड, कारण तिथं बोटांना लागणारा ओलावा, ऊब, चिवटपणा हुबेहूब बनवता येत नाही. रोबोचं उलटं आहे. खऱ्या शस्त्रक्रियेतही सर्जन पडद्यासमोरच बसलेला असतो आणि आजवरच्या बहुतेक यंत्रांत त्याच्या बोटांना ऊतकाचा ताण कळतच नाही. धागा तुटायला आलाय हे त्याला डोळ्यांनी ओळखावं लागतं. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेची नक्कल सर्वांत खरी होऊ शकते, ती नेमकी हीच. मग तिचे पहिले धडे माणसाच्या शरीरावर गिरवण्याला काही समर्थन उरत नाही.

पुरावा जुना आहे. येल विद्यापीठातल्या 16 रेसिडेंट डॉक्टरांवरचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्यांना दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव आभासी यंत्रावर दिला होता. पित्ताशय यकृतापासून सोडवताना हे लोक 29 टक्के जलद निघाले. सराव नसलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतंच ऊतक भाजण्याची शक्यता पाचपट होती. लहान अभ्यास, हे खरं. तरी त्यातलं ‘भलतंच ऊतक’ कुणाच्या तरी पोटातलं होतं.

हे पोट कुणाचं, हा माझ्या मते मूळ प्रश्न आहे. ज्याला निवड आहे तो डॉक्टर निवडतो. इंदापूरचा ऊसतोड मजूर किंवा भिगवणचा मासेमार पुण्याच्या ससून रुग्णालयात जातो, तेव्हा हात कुणाचा लागणार हे तो ठरवत नाही. शिकवणारी रुग्णालयं बरीचशी सरकारी असल्यामुळे डॉक्टरांचा हात गरिबाच्या शरीरावर बसत आला आहे. शिकण्याला इलाज नाही हे मान्य. पण आजवर इलाज नव्हता, आता थोडा आहे. म्हणून सिम्युलेटरकडे मी आधुनिकतेची हौस म्हणून बघत नाही. ते गरीब रुग्णाचं देणं आहे.

ही देणी वेळेवर फेडायची सवय मात्र जगात कुणालाच नाही. एडविन लिंकनं वैमानिकांच्या सरावासाठी जमिनीवरचं नकली विमान 1929 मध्येच बनवलं होतं. 1934 मध्ये टपाल वाहताना आपले वैमानिक पटापट मेल्यावर अमेरिकी लष्करानं ती यंत्रं घेतली. पुढं दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची लाट आली, पित्तनलिका कापल्या जाऊ लागल्या, तेव्हा 1992 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याला सर्जनांच्या प्रशिक्षणात लक्ष घालावं लागलं. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते 1990 मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहमटन उदवाडियांनी. तेही सरकारी रुग्णालयच. पण उदवाडिया 1972 पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते. एवढ्या वर्षांत डोळा आणि हात पडद्याआधीच तयार झाले होते. त्यांचं यश सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो.

आता आक्षेप. इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात रोबो कधी येणार? तिथं हवा आहे सिझेरियन, हर्निया, फुटलेलं अपेंडिक्स निभावणारा माणूस. कोटींच्या यंत्राची तालीम गावाला काय कामाची? आक्षेपात तथ्य आहे, आणि बारामतीला रोबो घ्या असं माझं म्हणणं नाहीच. याच भागातल्या शेतकऱ्यांनी उसात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून पाहिली, पण त्यांच्या शेतात आधी ठिबक होतं. कॉलेजात आधी दुर्बिणीच्या सरावाचे साधे डबे हवेत, जे स्थानिक सुतारही बनवू शकेल. मग संगणकी सिम्युलेटर. रोबो त्यानंतर, आला तर.

आणि सिम्युलेटर काय शिकवत नाही, तेही उघड बोललं पाहिजे. जुन्या ऑपरेशनमुळे एकमेकांना चिकटलेली आतडी, भूलतज्ज्ञाची ‘प्रेशर पडतंय’ ही हाक, रोबोचे हात बाजूला करून पोट उघडायचा निर्णय. हा निर्णय घ्यायला पोट उघडून शस्त्रक्रिया आधी येत असावी लागते. जी पिढी पडद्यावरच वाढेल, तिला नेमक्या त्या क्षणी हात नसतील, ही भीती ज्येष्ठ सर्जन व्यक्त करतात ती खोटी नाही. म्हणून यंत्रावरचे गुण हा ऑपरेशन थिएटरमध्ये शिरण्याचा दाखला असावा, सर्जन असल्याचा नव्हे. शिवाय हा दाखला द्यायचा कुणी? रोबोच्या बाबतीत बहुतेक वेळा यंत्र विकणारी कंपनीच प्रशिक्षण देते आणि प्रमाणपत्रही. विमान कंपनीनं वैमानिकाला परवाना द्यावा, तसं हे झालं. परीक्षा घेणारं विद्यापीठ किंवा वैद्यक आयोग यात उतरल्याशिवाय गुणांना किंमत येणार नाही.

पैशापेक्षा मला काळजी वेळेची वाटते. स्किल्स लॅब कागदावर सगळीकडे आहे. तपासणी आली की कुलूप निघतं. सलग छत्तीस तास ड्युटी केलेला रेसिडेंट रात्री तारेवरून कडी नेत बसणार नाही, आणि बसला तरी थकलेला हात चुकीच्याच सवयी उचलेल. आठवड्यातले दोन तास ड्युटीच्या तक्त्यात छापलेले हवेत. त्या वेळात वॉर्डातून फोन आला तर उचलायला दुसरा माणूस हवा. तो दुसरा माणूस म्हणजे भरलेलं पद. सिम्युलेटरच्या खरेदीचा प्रस्ताव मंत्रालयात जाईल, तेव्हा त्याच फाइलमध्ये त्या पदाची मागणीही असली पाहिजे.